आत्याने शिवलेलं एकच चुकीचं कव्हर

माझी आत्या कव्हरं शिवते. सोफ्याची, गाद्यांची, स्कूटरच्या सीटची, वॉशिंग मशीनची. गिऱ्हाईक म्हणेल त्याची. आणि गिऱ्हाईक नसलं की घरातल्या वस्तूंची. तिच्याकडे रिमोटला कव्हर आहे, मिक्सरला आहे, आणि शिलाई मशीनच्या कव्हरवर धूळ बसू नये म्हणून त्यालाही एक पातळ कव्हर आहे. "आमच्या ताईच्या घरात उघडी वस्तू एकच, तिचं तोंड," असं माझे बाबा म्हणतात. धाकट्या भावाचं बोलणं आत्या मनावर घेत नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची," एवढंच म्हणते. ती म्हण तिने मुठीवरून उचलून थेट फ्रिजवर नेऊन ठेवली आहे!

तिची नात चिमी, माझ्या आतेभावाची, म्हणजे दादाची मुलगी. वय वर्षं सहा, तोंडाचा पट्टा अखंड चालू, आणि छातीत दमा. त्यात एक दिवस जिन्याखाली एक मांजर आलं आणि चिमीच्या मागोमाग घरात शिरलं. चिमीने त्याचं नाव ठकी ठेवलं. दोघी एका उशीवर झोपायला लागल्या, आणि चिमीची छाती शिटीसारखी वाजायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं, मांजराची अ‍ॅलर्जी. सगळ्यात बरं म्हणजे मांजर दुसऱ्या कुणाला देऊन टाका. हे ऐकून चिमी इतकी रडली की तिथेच तिला धाप लागली. मग बाई म्हणाल्या, "बरं, एकदा प्रयत्न करून बघू. औषधाचा पंप चुकवायचा नाही. ठकी झोपायच्या खोलीत येता कामा नये. खोलीत कापडचोपड कमी करा, आणि एअर प्युरिफायर चोवीस तास चालू ठेवा. पुढच्या तपासणीपर्यंत फरक पडला नाही, तर मात्र ठकीला नवं घर शोधायचं."

एअर प्युरिफायर आला तेव्हा काय थाट! मी वरच्याच मजल्यावर राहते, धावत खाली गेले. वहिनीने पुस्तिका मोठ्याने वाचली, आतल्या फिल्टरवरचं प्लास्टिक आठवणीने काढलं, दादाने बटण दाबलं. वरून गार वारा आला आणि चिमीने त्यावर दोन्ही हात धरले. "आजी, हे ठकीचे केस खातं?" आम्ही सगळे हसलो. आत्या मात्र यंत्राभोवती फेऱ्या मारत होती. तिची नजर दोन्ही बाजूंच्या बारीक भोकांवर खिळली होती.

"एवढी भोकं!" ती मला हळूच म्हणाली. "आत धूळ जाईल ना गं!"

मी हसले आणि विसरून गेले. दुसऱ्या दिवशी यंत्राला कव्हर होतं! जाड, रजईसारखं शिवलेलं, कडांना निळी पट्टी, पुस्तिका ठेवायला खिसा. आत्याने डोकंही चालवलं होतं बरं का: "वारा वरून येतो, म्हणून वरची बाजू उघडी ठेवलीय." वहिनीने कौतुक केलं. मी तर फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

दिवस गेले. यंत्र दमल्यासारखं घुरघुरायचं, चिमी तशीच. मग ती हळूहळू खोकायची थांबली, आम्हाला वाटलं चला, गुण आला. पण एके दुपारी आत्या खोलीत गेली तर पोरगी उशीत तोंड खुपसून, अंग आकसून खोकत होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"आजी, बाबांना सांगू नकोस," ती म्हणाली. "ते ठकीला देऊन टाकतील."

आत्याने सांगितलं. सांगायलाच हवं होतं. दादाचा चेहरा पांढरा पडला. असं दाबून ठेवलं आणि एखाद्या वेळी श्वासच अडकला तर? त्याने तपासणीचीही वाट पाहिली नाही. ऑफिसातल्या एका मित्राशी बोलून मोकळा झाला: रविवारी संध्याकाळी येऊन ठकीला घेऊन जा. चिमी रडली नाही. तिने मांजराच्या टोपलीत स्वतःचा रुमाल अंथरला आणि टोपलीशेजारी बसून राहिली. चिमी गप्प! ते घर बघवत नव्हतं.

रविवारी सकाळी आत्या यंत्र आवरायला गेली. ते आता कुणाला तरी विकायचं होतं. तिने कव्हर काढलं, झटकायला उजेडात धरलं आणि जागीच थांबली. मग जी हाक मारली, ती ऐकून मी ओल्या केसांनिशी जिना उतरले.

"हे बघ! हे मळणं बघ!"

कव्हराच्या दोन्ही बाजूंना, बाहेरून, एकेक गोल डाग होता. धूळ आणि ठकीचे केस, लोकरीसारखे दाबून बसलेले. बाकी कापड कोरं करकरीत.

"चाळीस वर्षं कापड हाताळतेय. वस्तू ठेवून ठेवून मळते तेव्हा सगळीकडून मळते. हे असं गोल मळत नाही. हे ओढलंय गं! बिचारं बाजूने हवा ओढत होतं आणि मी त्याच्या नाकावर उशी दाबून धरली होती!" तिने कपाळावर हात मारला. "करायला गेले काय नि वरती झाले पाय. धूळ आत जाईल म्हणे! अगं, धूळ आत जावी म्हणूनच तर आणलं होतं!"

डोळ्यांत पाणी आणि अंगात नुसतं वारं! तिने कात्री घेतली, कव्हर उभं कापलं. मग चिमीच्या खोलीतले पडदे उतरवले, खुर्चीची झालर, पलंगाच्या डोक्याकडची गादी, खेळण्यांच्या पेटीचं कव्हर, सगळं. डॉक्टरीणबाईंनी कापड कमी करा म्हटलं तेव्हा ही बाई रुसून बसली होती. आता तिच्या हातांना उसंत नव्हती.

संध्याकाळी दादाचा मित्र आला. आत्या दारातच उभी.

"या, बसा. मांजर मिळणार नाही."

"आई, चिमीच्या जिवाशी खेळ नको," दादा कळवळून म्हणाला.

"मग बाईंना विचार. आत्ता, माझ्यासमोर."

त्याने फोन लावला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि पलीकडून हसू आल्याचं आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. तपासणीपर्यंत थांबा म्हणाल्या, पण पंप चालू ठेवा, आणि जरा त्रास वाढला तर लगेच घेऊन या. मित्र बिचारा मांजराऐवजी स्कूटरच्या सीटचं नवं कव्हर घेऊन गेला.

पुढचे दिवस आम्ही चिमीच्या छातीकडे कान लावून काढले. उघडं यंत्र चालूच होतं, पण त्याची घुरघुर थांबली. शिटी बारीक होत गेली. एका सकाळी चिमी स्वयंपाकघरात येऊन तक्रारीच्या सुरात म्हणाली, "मला कुणी उठवलंच नाही!" तिला उठवायचा तो खोकला, आणि तो आलाच नव्हता. वहिनीने गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेलं, कुणी गॅस बंद केला नाही.

तपासणीच्या दिवशी बाईंनी चिमीच्या पाठीला नळी लावली. इकडून, तिकडून, परत इकडून. आम्ही सगळे श्वास रोखून. "बरीच मोकळी आहे," त्या म्हणाल्या. "औषध चालू ठेवा. आणि ठकीही राहू दे, फक्त त्या खोलीबाहेर." आत्याला आभाळ ठेंगणं झालं. तिने बाईंच्या टेबलावरच्या प्रिंटरकडे प्रेमाने पाहिलं, पण मी तिचा हात धरून ठेवला.

परवा त्या यंत्राचा पहिला फिल्टर बदलला. नवा पांढरा बसवला, जुना काळाकुट्ट, केसांनी भरलेला. मी तो कचऱ्यात टाकायला निघाले तर आत्याने हिसकावून घेतला. आता तो एका पारदर्शक पिशवीत घट्ट बांधून दिवाणखान्यात ठेवलाय. आयुष्यभर मळ झाकणारी ही बाई येईल त्या पाहुण्याला तो उजेडात धरून दाखवते.

"बघा, बघा ना! केवढा घाण झालाय! हे सगळं माझ्या चिमीच्या छातीत जाणार होतं."