चढणारी मशीन

आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हार घातला, त्याच्यापुढे नारळ फोडला, पेढे वाटले आणि मग खोलीला कुलूप लावलं. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला गणित शिकवत होते आणि भोपाळला जाऊन कॉम्प्युटरचं प्रशिक्षण घेऊन आले होते. तरीसुद्धा खोली उघडायची ती फक्त कोणी साहेब तपासणीला आले की. टायपायच्या पट्ट्यांचा एक जाड डबा, त्याला जोडलेला टीव्ही आणि प्रोग्रॅम साठवायला साधा टेपरेकॉर्डर, एवढाच तो संसार. पण बडे सर त्याच्याकडे असे बघायचे, जसा काही तो पाहुणा आला आहे आणि चहा न घेताच निघून जाईल.

बडे सर म्हणजे आमचे प्राचार्य. घरी अस्सल मराठी, पण शाळेच्या फाटकातून आत शिरले की हिंदी. त्या हिवाळ्यात त्यांच्या डोक्यात आलं, की स्नेहसंमेलनात कॉम्प्युटरनं काहीतरी करून दाखवावं. "बहेनजी, कुछ ऐसा, की लोग बोलें वा!" मी म्हटलं, या डब्यात आवाज काढायची सोय आहे, मी प्रोग्रॅम लिहिला तर टायपायच्या पट्ट्या दाबून त्याच्यावर एखादं वाद्य वाजवता येईल. उचलली जीभ लावली टाळ्याला! बडे सर खुर्चीतून उठलेच. कोणतं वाद्य, ते मात्र ठरवा, म्हणाले.

माझं तर त्या क्षणीच ठरलं होतं. मला दादाची मशीन हवी होती.

दादा माझा थोरला भाऊ. सौंसरला नगरपालिकेत नोकरीला, आणि आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीत वादक. चौदा एप्रिल असो, बुद्ध पौर्णिमा असो की कोणाचं लग्न, पार्टी गायची आणि दादा वाजवायचा. बाबा लवकर गेले. मला शिकवलं ते दादानं, आणि कॉलेजात पोचवायला छिंदवाड्याच्या बसमध्ये माझ्याबरोबर बसला तोही दादाच. त्याचं वाद्य म्हणजे नागपूरच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून आणलेला जुना परदेशी सिंथेसायझर. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, वर बटणांची रांग, कंपनीचं नाव घासून गेलेलं. तो तिला नुसतं मशीन म्हणायचा. तिचा आवाज जाड आणि जरासा घोगरा होता, सर्दी झालेली बाई प्रेमानं हाक मारते तसा.

आता ती मशीन म्हातारी झाली होती. एकेक पट्टी मुकी होत होती, आणि नागपूरच्या कारागिरानं हात वर केले होते. दादानं कोणाकडे गाऱ्हाणं केलं नाही. जेवता जेवता एवढंच म्हणाला, "हे मशीन बंद, तं आपणही बंद." वहिनीनं पोळी वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं. दादा वाजवणं सोडेल ही कल्पनाच मला सहन होईना. त्याच्या हातातून ते गेलं, तर सकाळी नगरपालिका आणि संध्याकाळी खाट, एवढाच माणूस उरला असता. म्हणून तिचा आवाज कुठेतरी जिवंत ठेवायचा, असं मी मनाशी पक्कं केलं.

पण शाळेत प्रत्येकाचा आपला तो बाब्या. बडे सरांच्या जावयानं आखातातून एक छोटा कीबोर्ड आणला होता. सेलवर चालायचा, आणि बटण दाबलं की स्वतःच एक धून वाजवून मोकळा व्हायचा. बडे सरांना वाटे, यापुढे काय ते वाद्य! खेळाचे मास्तर पांढुर्ण्याचे कट्टर अभिमानी. त्यांनी बँड पार्टीच्या ऑर्गनचं घोडं पुढे दामटलं. तो ऑर्गन हातगाडीवर बसवलेला असायचा, वर भोंगा, मागे ढकलणारा गडी. "आमच्या गावची शाळा, आणि वाद्य सौंसरचं?" असं ते भर स्टाफरूममध्ये म्हणाले. मी म्हटलं, मास्तर, तुमच्या ऑर्गनला आधी हातगाडी लागते, ती मी कॉम्प्युटरमध्ये कुठून घालू? चहा पिणाऱ्यांना ठसका लागला.

मग मी फळ्यावर नीट समजावून सांगितलं. बँडच्या ऑर्गनवर एका वेळी पाच-सहा सूर दाबतात, आणि आपल्या डब्यात एकाच वेळी तीनच निघतात. सरांच्या कीबोर्डवर ढोलकापासून बासरीपर्यंत सगळं भरलं आहे, एवढं सगळं लिहायचं तर पुढचं संमेलन उजाडेल. दादाची मशीन एका वेळी एकच सूर काढते. तो एक सूर मात्र मी त्यात हुबेहूब बसवू शकते. यात खोटं काहीच नव्हतं. बडे सरांनी मान डोलावली, पण अट घातली, की कॉम्प्युटरबरोबर कोणीतरी खरोखरचं गाणं म्हणायला हवं, नुसती टूंटूं नको. मला तर दुधात साखर. मी सौंसरची पार्टीच बोलावली.

त्यानंतर दर रविवारी मी माहेरी. दादा एक पट्टी दाबून धरायचा, मी कान लावून बसायची. सूर निघताना कसा जरा अडखळतो, मग फुगतो, बोट उचललं की कसा विरतो, ते सगळं मनात ठेवायचं आणि सोमवारी शाळा सुटल्यावर आकड्यांत मांडायचं. दादा मध्येच विचारायचा, "काय ऐकून राहिली एवढी? तिले ताप आला का?" पण त्याला मजा येत होती. एकदा बसनं पांढुर्ण्याला आला, टायपायच्या पट्ट्यांवर बोटं ठेवली आणि एक ओळ वाजवली. मग हात मागे घेऊन पट्ट्यांकडे बघतच राहिला. "हे तं आपलीच आहे बे," म्हणाला. मला, बहिणीला, दोस्ताला म्हणावं तसं बे! इतका तो हरखला होता.

रंगीत तालमीला पार्टी आली. मुख्य गायक मोहगावचे एक शिंपीकाका, छाती मोठी आणि आवाज त्याहून मोठा. लेकी शाळेत जातात, असं त्यांनीच रचलेलं गाणं होतं. डब्यापुढे माईक ठेवला, दादानं सूर धरला आणि गाणं सुरू झालं. पहिलं कडवं असं लागलं की बडे सर टेबलावर ताल धरू लागले. दुसऱ्या कडव्याला काहीतरी टोचायला लागलं. तिसऱ्याला गाणारे एका वाटेनं आणि कॉम्प्युटर दुसऱ्या. शिंपीकाका थांबले, घाम पुसला आणि म्हणाले, "बाई, तुमचं मशीन खाली घसरून राहिलं."

आम्ही पुन्हा केलं. पुन्हा तसंच. खेळाचे मास्तर दारात उभे राहून खोकले. मी म्हटलं, आकडे बदललेले नाहीत, मशीन घसरणार कशी? बडे सर उठले. "नाच न जाने आँगन टेढ़ा, बहेनजी. सोमवार तक ठीक करो, नहीं तो स्टेज पे मेरा कीबोर्ड बजेगा." मला इतका संताप आला की खडूचे दोन तुकडे झाले. पण दादाकडे पाहिलं आणि राग जिरला. तो बाकावर बसून आपल्याच बोटांकडे बघत होता. "राहू दे बाई," म्हणाला. "तिच्यासारखी दुसरी नाही होत. मले ठाऊकच होतं." मी केलेली नक्कल त्याच्यासमोरच मेली होती, आणि आता खरी मशीन जायची वाट बघत बसायचं, एवढंच त्याच्यापुढे उरलं होतं.

मी हट्टाला पेटले. बडे सरांकडे गेले आणि त्यांचाच कीबोर्ड मागितला. त्यांना वाटलं मी हरले, म्हणून मोठ्या मनानं दिला. रविवारी तो टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन सौंसरची बस पकडली. दादाला म्हटलं, मशीन लाव, शिंपीकाकांना बोलाव, आणि कार्यक्रमात करता तस्सं सगळं करा.

"कार्यक्रमात तं जनरेटर राहते," दादा म्हणाला. "गाणं सुरू करतानाच चालू करतो. डिझेल कायले जाळाचं?"

म्हणजे मशीन नेहमी थंडगार असतानाच पहिलं गाणं. मी म्हटलं, मग तसंच कर. त्यानं बटण दाबलं आणि लगेच सूर धरला. मी सरांच्या कीबोर्डवर तोच सूर दाबला; त्याचा सूर काही जागचा हलणारा नव्हता. तंतोतंत जुळला. गाणं पुढे गेलं. दुसरं कडवं संपताना मी पुन्हा तीच पट्टी दाबली, आणि मशीन तिच्या वर गेलेली. तिसऱ्याच्या शेवटी तर शेजारची काळी पट्टी जुळायला लागली. मशीन तापत होती तसतशी चढत होती. शिंपीकाका डोळे मिटून, मान हलवत, तिच्याबरोबर चढत होते. त्यांना पत्ताच नव्हता.

"काका, तुम्ही चढून राहिले!" मी ओरडले.

"गाणं रंगात आलं की चढतेच नं बाई," काका म्हणाले.

इतकी वर्षं सगळी पार्टी हेच समजत होती. मशीन चढायची, गळे चढायचे, ऐकणारे माना डोलवायचे आणि म्हणायचे, काय रंग भरला! त्या दिवशी शाळेत कॉम्प्युटर जागच्या जागी राहिला, आणि गळे सवयीनं एकटेच जिना चढून गेले.

दादा एकदम हसायला लागला, आणि हसता हसता त्याचा चेहरा उतरला. "काका, तो पेटीवाला!" पार्टीत आधी एक पेटीवाले होते. शेवटाला त्यांचे सूर कधी जुळायचे नाहीत. हात भरकटतो म्हणून पार्टीनं त्यांना नारळ दिला होता. पेटी बिचारी कुठे चढणार? आम्ही तिघं तसेच उठून बसस्टँडजवळच्या त्यांच्या पानठेल्यावर गेलो. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, पानाला चुना लावत लावत. मग म्हणाले, "मी तवाच म्हणत होतो, मायी पेटी बरोबर आहे. पण तुमी लोक मोठे वरच्या पट्टीचे!" शिंपीकाकांनी त्यांना मिठी मारली तेव्हा ठेल्यावरची सुपारी सांडली. त्यांनी परत पार्टीत यायला मात्र साफ नकार दिला. "चढाची सवय नाई आता गुडघ्याले," म्हणाले.

सोमवारी मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली. आमच्या डब्यात एका सुरापासून पुढच्या सुरापर्यंत मधल्या बारीक पायऱ्या होत्या. गाणं जसं पुढे जाईल तसं एकेका पायरीनं वर सरकायचं, एवढंच त्या ओळीत होतं. संमेलनाला सगळा मंडप भरला होता. दादानं सूर धरला, कॉम्प्युटर हळूहळू चढला, शिंपीकाका त्याच्याबरोबर चढले, आणि तिसऱ्या कडव्याला खेळाचे मास्तरसुद्धा टाळ्या वाजवत होते. बडे सर मला म्हणाले, "अब ठीक हुई ना? बिगडी थी." चांगली मशीन मी मुद्दाम बिघडवली, तेव्हा कुठे ती सर्वांना दुरुस्त वाटली. मी म्हटलं, हो सर.

कॉम्प्युटर शाळेचा. तो काही सौंसरच्या मांडवात जाणार नव्हता, हे मला कळत होतं, दादालाही कळत होतं. उन्हाळ्यात त्याची मशीन पुरती गेली. त्यानं तिच्यावर चादर घातली. पार्टीनं नागपूरहून नवा कीबोर्ड आणला, तर दादा त्याला हातही लावेना. "ते चढत नाही. काका कोणाबरोबर गातील? दुसरा पाहा म्हणा कोणी." वहिनीनं मला निरोप धाडला.

मी गेले. नवा कीबोर्ड उलटा केला. मागच्या बाजूला सूर जुळवायची एक छोटी चकती होती. दादाचं बोट धरून तिच्यावर ठेवलं. म्हटलं, "शाळेत मी एक ओळ लिहिली होती नं? ती ही. उजव्या हातानं वाजव, अन् कडवं संपलं की डाव्यानं एवढीशी फिरव." त्यानं फिरवली. सूर केसभर वर गेला. त्यानं पुन्हा फिरवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्हणजे मीच चढवाचं?"

"तूच."

त्यानंतरचा पहिला कार्यक्रम सौंसरलाच होता. मी बायकांत बसले होते. जनरेटर धडधडला, शिंपीकाकांनी डोळे मिटले. पहिलं कडवं झालं आणि दादाचा डावा हात कीबोर्डच्या मागे गेला. दुसरं झालं, पुन्हा गेला. तिसऱ्याला सूर असा लागला की मांडवातली पोरंसुद्धा गप्प झाली. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. शेजारच्या बाईनं कोपरानं ढोसलं, "काहून रडून राहिली वो?"

मी म्हटलं, "काही नाही. दादा वाजवून राहिला."