कुलूपकाकांचं उजवं चाक

कुलूपकाकांचं खरं नाव आता त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागतं. घराला कुलूप लावून तीनदा ओढायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं आणि परत येऊन चौथ्यांदा ओढायचं, अशा माणसाला गल्ली दुसरं काय म्हणणार? औषधाची गोळी ते आधी हुंगतात. एकाने वेळ सांगितली तरी पुढच्याला पुन्हा विचारतात. मेकॅनिकवर तर त्यांचा काडीचाही विश्वास नाही. हे लोक जुनेच ब्रेक लायनर घासूनपुसून परत बसवतात आणि वर आपल्यालाच शहाणपण शिकवतात, असं त्यांचं ठाम मत. म्हणून आपल्या पिकअप गाडीचे ब्रेक ते स्वतःच बदलतात, अंगणात गोणपाट अंथरून.

गाडी आता जावई चालवत होता. पाण्याचे जार दुकानांना पोचवायचे. लेक शेजारी बसून पत्ते सांगायची. दोघांचं घर त्यावरच चालायचं. पण आठ महिन्यांपूर्वी काकांनी घातलेले नवे लायनर उतारावर कर्रकर्र ओरडायला लागले आणि काकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. दोन वर्षं चालणारे लायनर इतक्यात संपतात कसे? त्यात जावई संध्याकाळी गाडी परत लावायला रोज तास-दीड तास उशिरा यायचा. विचारलं तर म्हणायचा, "मामा, ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते. म्हणून सावकाश चालवतो."

काकांना ही शुद्ध थाप वाटली. हा नक्की चोरून दुसरा माल वाहतोय! त्यांनी किल्ली काढून घेतली. तीन दिवस झाले, जावई घरात बसून होता आणि लेक बापाशी बोलत नव्हती.

रविवारी सकाळी काकांनी पुराव्यासाठीच गाडी जॅकवर चढवली. पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड दोन्हीकडे सारखे झिजलेले होते. याचं त्यांना जरा वाईटच वाटलं. मग मागचं उजवं चाक काढलं, ब्रेकचा ड्रम ठोकून सैल केला आणि ओढला. आतल्या दोन लायनरपैकी एक झिजून पार आतल्या रिव्हेटच्या खिळ्यांपर्यंत गेलेला, दुसरा जवळजवळ कोरा. काकांची कळी खुलली. त्यांनी फोन करून लेकीला आणि जावयाला बोलावून घेतलं. लेक आधी आली.

"बघ तुझ्या नवऱ्याची करामत!"

लेक वाकली, बघितलं. "आणि डावं चाक?"

"तेही तसंच असणार. ब्रेक दाबणारा पाय एकच ना!"

डावं उघडलं, तर दोन्ही लायनर नीट, बेताने झिजलेले. काका आणखी जवळ सरकले. डावीकडे आखूड लायनर पुढे होता आणि लांब मागे. उजवीकडे बरोब्बर उलटं; म्हणूनच तिथे एकच लायनर घासत राहिला होता आणि ब्रेक मारला की गाडी ओढत होती. म्हणजे जावयाने बाहेर कुठेतरी चाक उघडवलं! त्यांनी घाईघाईने टॉर्च लावला. चाक बंद करण्याआधी ते प्रत्येक स्प्रिंगच्या टोकावर नेलपॉलिशचा ठिपका देतात, कुणी हात लावलाच तर कळावं म्हणून. सगळे ठिपके शाबूत होते. आत शेवटचा हात काकांचाच गेला होता.

एका वेळी एकच चाक उघडायचं आणि दुसरं बघायला ठेवायचं, हे शेंबडं पोरही जाणतं. काकांनी लायनर घातले त्या दिवशी दोन्ही एकदम उघडली होती. शिवाय शेजारचा माणूस आपले पाने-पकडी उचलतोय का, याकडेच त्यांचं निम्मं लक्ष होतं. आणि आठ महिने लेक त्या गाडीत बसत होती.

नवे पॅड, नवे लायनर घालून, एकेक चाक बंद करून ते उठले तेव्हा जावई फाटकाशी उभा होता.

"जावईबापू, चूक माझी. लायनर मीच उलटे घातले होते. तुम्ही खरं सांगत होतात." काकांनी किल्ली पुढे केली. कपाळावर ग्रीस, मान खाली.

जावयाने किल्लीला हात लावला नाही.

"मामा, मागची चाकं परत काढा."

"का? आत्ताच तर बसवली!"

"मला डोळ्यांनी बघायचंय. शेजारी ही बसते."

काकांनी लेकीकडे पाहिलं. ती सरकून नवऱ्याच्या बाजूला उभी राहिली. काकांना अपमान झोंबला, आणि त्याच वेळी वाटलं, आपणही अगदी हेच म्हटलं असतं. ते गोणपाटावर बसले आणि पहिला नट सोडवायला घेतला.