एकशे नऊ मीटर जास्त

तक्रारदार: गिरणीत कापड मोजणारा इसम, नाव त्याच्या विनंतीवरून गुप्त.
दिनांक: संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा लालबागवरून गेला, त्याचा दुसरा दिवस.
साक्षीदार: अस्मादिक, टपालकचेरीबाहेरील अर्जलेखक.

शाळेत एका मैलापर्यंत राहणाऱ्या मुलांना प्रवेश मिळे. यंदा फलकावर 'दीड किलोमीटर' असे लिहिले गेले आणि बरोबर एका मैलावर राहणाऱ्या तक्रारदाराच्या मुलीचा अर्ज परत आला. मी हिशेब केला. अंतर एकशे नऊ मीटर जास्त भरले.

"घर हललं नाय, शाळा हलली नाय. मग मास्तर, रस्ता वाढला कसा?"

नाकापासून बोटांपर्यंत दोरी ताणून तो म्हणाला, "ह्यो आमचा कापडाचा वार, साहेबाचा यार्ड." मग दोरी नाकाशीच धरून त्याने मान उलट्या बाजूला वळवली, तशी दोरी चार बोटे जास्त लागली. "आणि ह्यो मीटर."

"असा रस्ता मोजलात?"

"काल मोजला. तोंड पलीकडे, त्यामुळं शाळा दिसलीच नाय. थेट भोईवाड्यात पोचलो."

मला हसू आले, पण त्याची मान अजून अवघडलेलीच होती. मी टाक उचलला:

'सबब नम्र विनंती की, मैल पूर्ववत करावा, अथवा शाळा एकशे नऊ मीटर अलीकडे आणावी. मुलगी रोज सकाळी वेणी घालून दारात उभी राहते. तरी वर्ग भरण्यापूर्वी लेखी उत्तर मिळावे.'