रिकाम्या कळशांची शतपावली

आरोग्य उपकेंद्रात काम करणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात : औषधांची रिकामी खोकी आणि किस्से. खोकी रद्दीवाला नेतो. किस्से कोणी नेत नाही, म्हणून ते तुम्हाला ऐकवते.

माझं घर नांदुऱ्याचं, पण शिकले चेन्नईला. परत आले ती एक चित्र डोक्यात घेऊन. देऊळघाटाच्या पुढच्या या गावात मधुमेह म्हणजे काय हेच कोणाला माहीत नसेल, मी एकेकाला समजावून सांगेन, वगैरे. प्रत्यक्षात पहिल्या पेशंटचं बीपी मोजून होईपर्यंत त्यानंच मला शुगरवरचे चार उपाय सांगून टाकले. कारल्याचा रस, जांभळाच्या बिया, मेथीचं पाणी. चौथा त्याच्या साडूचा होता आणि गुप्त होता.

तरी मी हट्टानं बुद्धविहाराच्या ओट्यावर व्याख्यान ठेवलं. नवं संशोधन काय सांगतं, वजन कमी केलं तर काही लोकांचा आजार गोळ्यांशिवायही कसा आटोक्यात राहतो, सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "काही प्रश्न?"

मागून एक बाई म्हणाली, "म्याडम, तुमची किती हाये?"

मला माहीत नव्हतं. तिथं बसलेल्या प्रत्येकाला आपापला आकडा पाठ होता, आणि मी माझी शुगर कधी मोजलीच नव्हती. सगळ्यांसमोर बोट टोचून घेतलं. ब्याण्णव निघाली. "म्याडम पास," असं त्याच बाईनं जाहीर केलं आणि मगच लोक घरी गेले.

*

ही बाई म्हणजे कमलमावशी. साठीच्या पुढची. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने वर्षावास असतो, तेव्हा विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. ते वाचन गेली कित्येक वर्षं मावशीचं. तिच्यासारखा आवाज गावात कोणाचा नाही.

पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. अक्षरं सोडाच, समोरच्याचा चेहराही धुरात असल्यासारखा दिसायचा. गेल्या वर्षी पुस्तक तिची धाकटी जाऊ इंदूबाई हिच्याकडे गेलं. इंदूबाई अडखळत वाचायची आणि मावशी समोर बसून पुढचं वाक्य तोंडपाठ सांगायची. घरी येऊन मात्र बोलायची नाही कोणाशी.

बुलढाण्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून तिला परत पाठवलं होतं. शुगर फार, आधी ती खाली आणा, मग ऑपरेशन.

मला नवल वाटलं. आमच्याकडच्या रजिस्टरमध्ये दर महिन्याला तिचा आकडा उत्तम होता. विचारलं, तर मावशी मोकळेपणानं म्हणाली, "तपासणी मंगळवारची राह्यते न. मी रविवारपासून भाकरच सोडतो. परीक्षेले अभ्यास करूनच जा लागते."

अर्धं गाव हेच करत होतं. उपाशीपोटी गोळ्या घेऊन एक-दोघं चक्कर येऊन पडलेही होते, पण नापास कोणी झालं नव्हतं.

मी सांगितलं, दवाखान्यातली टेस्ट वेगळी. साखर रक्ताला चिकटून बसते, मागच्या तीन महिन्यांचा हिशोब त्यात दिसतो.

"तीन महिन्याचं सांगते थे रक्त?"

"हो."

"लयच चुगलखोर हाये."

मग बोटांवर काहीतरी मोजून म्हणाली, "आज आषाढी पुनव. तीन महिने म्हंजे वर्षावासच झाला. चाला, बसतो मी परीक्षेले. पन डोळा भेटला पाह्यजे म्याडम. वाचनं गेलं तं मी नुसती जेवाले राह्यली."

*

पहिला धडा चालण्याचा. जेवणानंतर दहा मिनिटं चाललं तरी साखर कमी चढते, असं आता संशोधक सांगतात. मी म्हटलं, रोज जेवण झालं की गल्लीतून एक फेरी.

दुसऱ्याच दिवशी मावशीचा दीर माझ्याकडे आला. चेहरा गंभीर. "म्याडम, वहिनी घर सोडून जाऊन राह्यली का?"

काम नसताना बाई रस्त्यानं चालतेय म्हणजे घरात भांडण झालं, याबद्दल गावाच्या मनात शंका नव्हती. चार दारांत तिला विचारलं होतं, "काऊन हिंडून राह्यली वं?" दोन घरांनी तर मुक्कामाला ये म्हणून सांगितलं.

इंदूबाईनं तोडगा काढला. "हातात काहीतरी पाह्यजे."

"डबा घेतो," मावशी म्हणाली.

"डबा नोको. मंग तं परसाकडे चालली समजून कोनी विचारनार बी नाही."

शेवटी कळशी ठरली. मावशी, इंदूबाई आणि आणखी तीन बायका, सगळ्या शुगरवाल्या, दुपारी जेवून रिकाम्या कळशा कमरेवर घेऊन निघाल्या. आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो, कधी तेवढाही नाही. पाच बायका एकदम कळशा घेऊन निघालेल्या पाहून पहिल्या घरातून हंडा बाहेर आला. मग दुसऱ्यातून. वळणापर्यंत मागे चाळीस माणसं होती. पोरं, म्हातारे, एकजण तर सायकलला दोन कॅन लावून.

नळ कोरडा होता. शिव्या पुष्कळ बसल्या.

संध्याकाळी मी रजिस्टरमध्ये लिहिलं : आज संपूर्ण आळीनं जेवणानंतर दहा मिनिटं चालून घेतलं.

*

दुसरा धडा जेवणाच्या क्रमाचा. आधी भाजी-वरण, मग पोळी-भाकरी. जेवण तेच, पण साखर हळू चढते.

मावशी हे घेऊन थेट पुतण्याच्या लग्नाच्या पंगतीत बसली; इथं लग्नाला मुहूर्त-महिना कोणी पाहत नाही. पोळीला हात लावेना, नुसती वांग्याची भाजी खाऊ लागली. वाढणाऱ्याला वाटलं, भाजी फारच जमलीय. त्यानं आणखी वाढली. शेजारणीनं पाहिलं, तिनंही आधी भाजीच मागितली. मग तिच्या शेजारणीनं. दुसरी पंगत बसायच्या आत भाजीचं पातेलं रिकामं झालं आणि पोळ्यांची चळत तशीच उभी.

आचारी कपाळावर हात मारून म्हणाला, "इतक्या वर्साच्या धंद्यात पोळ्या कमी पडल्या, वरण कमी पडलं. भाजी पह्यल्यांदा. ह्या गावात कोनाचं डोकं फिरलं ते तरी सांगा."

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

*

दीड महिन्यानंतर गाडी अडली. गोळ्या वेळेवर, चालणं रोज, तरी संध्याकाळचा आकडा वरच. मावशी शपथेवर सांगायची, चहा बिनसाखरेचाच पिते.

तिचा नवरा नामदेवभाऊ, अगदी शांत माणूस. दुपारचा चहा तोच करायचा. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, तिच्या कपात साखर टाकता का?"

"नाही जी. तिच्या कपात एक दाना टाकत नाही."

"खरं?"

"खरं. माह्या कपात टाकतो." त्यानं टोपी काढून हातात घेतली. "मंग कप बदलून देतो. तिचं तोंड पाहावत नाही न."

मावशीला चव कळत नव्हती का? कळत होती. पण तिनंही विचारलं नव्हतं. "मले वाटलं, साखर नसल्यावर बी यायच्या हातानं गोडच लागते," असं ती म्हणाली.

त्या दिवसापासून दोघांचेही कप बिनसाखरेचे. नामदेवभाऊ म्हणायचा, "आता दोघं बी तोंड वाकडं करून पेतो. बराबरीत."

*

आश्विन पौर्णिमा झाली आणि तीन महिन्यांची टेस्ट आली. मावशी रक्त द्यायला भरपेट जेवून आली. "चुगलखोराले काय भ्याचं."

या टेस्टचा आधी दहाच्या वर असलेला आकडा सातवर आला होता, म्हणजे ऑपरेशनला चालण्यासारखा. मी रिपोर्ट दोनदा वाचला. मावशीनं बाकीच्या चौघींना बोलावून तो मला पुन्हा मोठ्यानं वाचायला लावला. दवाखान्यानं पुढच्याच आठवड्याची तारीख दिली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी आणि इंदूबाई तिथंच होतो. मावशीनं डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. समोरच्या भिंतीवर पाटी होती. तिनं ती वाचली, विहारात वाचायची त्याच आवाजात :

"शांतता राखा."

अख्खा वॉर्ड गप्प झाला.

इंदूबाई पदर डोळ्याला लावून रडत होती. मावशी तिला म्हणाली, "रडू नको, पुढच्या साली तुही सुट्टी." मग इकडेतिकडे पाहत विचारलं, "म्याडम कुठी हाये वं?"

"हे काय, तुह्या समोर."

मावशीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं.

"हे? हे तं लेकरू हाये."

मी हसले. ती हसली नाही.

"बोलनं असं हेडमास्तरनीवानी, मले वाटे पिकल्या केसाची असन. पोरी, तवा मले दिसत असतं न, तं तुही एक गोष्ट ऐकली नसती मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं : उपकेंद्राखालच्या पुढच्या गावात लोकांना दिसतं, म्हणून तिथं बोलायला कमलमावशी उभी राहणार, आणि मी मागे बसून शुगरचं मशीन सांभाळणार.