साहेबराव मिस्त्री आणि हटून बसलेली सीट

भोकरदनच्या साहेबराव मिस्त्रीला विहिरीवरचं कोणतंही इंजिन घाबरायचं. माणसं मात्र घाबरत नव्हती, अन् बायको तर बिलकुल नाही.

सत्तर-एकाहत्तर साली हसनाबादच्या एका जमीनदारानं गोठ्यात धूळ खात पडलेली आपली दोन माणसांची लाल स्पोर्ट्स कार मिस्त्रीच्या गळ्यात मारली. म्हणे, घेऊन जा बाबा, म्हशीला जागा होईल. बैलं जुंपून गाडी दारात आली. मिस्त्री रात्रंदिवस खपला, अन् खरंच, इंजिन फुरफुरलं. गल्ली गोळा झाली तसा हा गडी छाती फुगवून म्हणाला, "एकट्यानं केलं बरं का. कुणाचा हात न्हाई लागला."

पाण्याचा हंडा घेऊन येणाऱ्या गिरिजाबाईनं, त्याच्या बायकोनं, हे ऐकलं. तिनं हंडा जागेवर ठेवला, पिशवी भरली अन् माहेरी धावड्याला निघून गेली.

मिस्त्रीनं ठरवलं, तिला आणायला जायचं तर ह्याच गाडीतनं. पण गाडीचा जुना मालक होता ताडमाड. ड्रायव्हरची सीट त्यानं पार मागं सारलेली, ती तिथंच गंजून बसली. मिस्त्री पडला बुटका. क्लच पायापासून वीतभर लांब. सीट सरकेना, तेव्हा ती खालच्या लोखंडी सरक-पट्ट्यांसकट काढायची ठरली. पट्ट्या बोल्टांनी आवळलेल्या, अन् बोल्टांचे नट गाडीच्या पोटाखाली. घासलेट पाजलं, तापवलं, ठोकलं, शिव्या घातल्या. वरून बोल्ट फिरवला की खालचा नटही त्याच्यासंगं फिरायचा. खालून कुणीतरी धरायला पाहिजे होतं.

शेजारच्या धुळाजीला नट धरायला पाना देऊन खाली घातलं. त्याचा जन्म मेंढरांत गेलेला. पहिला हिसका बसताच त्यानं पाना सोडला.

"जनावरानं लाथ मारली की सोडायचं असतं, मिस्त्री," त्यानं खालूनच समजावलं.

धुळाजीला चहा पाजून वाटेला लावलं अन् मिस्त्री चाकाला टेकून बसला. मग आजवर खालून कोण धरत होतं? चुलीवरचं कालवण उतरवून गिरिजाच यायची, पाना धरायची, हात पुसून परत भाकरी थापायला बसायची. ह्या लाल गाडीच्या इंजिनालाही तिचाच हात लागला होता. त्यानं ते कधी कामात धरलंच नव्हतं. त्याला लाज वाटली, चांगलीच वाटली. ती परत आलीच नाही तर, ह्या विचारानं तो तडक उठला.

तो एसटीनं धावड्याला गेला. सासऱ्याला जयभीम केला. गिरिजाबाई ओट्यावर शेंगा फोडून राह्यली होती.

"गाडी कुठंय?" तिनं मान वर न करता विचारलं.

"जाम झालीया."

"मंग?"

मिस्त्रीनं टोपी काढून हातात घेतली. "आजवर तूच धरत आल्तीस. मी भलतंच बोललो. चल घरी."

ती शेंगा फोडत राहिली. टोपलं रिकामं झालं तेव्हा उठली अन् पिशवी आणायला आत गेली.

भोकरदनला उतरल्यावर ती घरात शिरलीच नाही. पदर खोचून गाडीत चढली अन् मोठा पाना बोल्टाला लावला.

"बघता काय? वरचं काम आता माझं," ती म्हणाली. "तुमी घुसा खाली. अन् कितीबी हिसका बसला तरी सोडायचं न्हाई."

मिस्त्रीनं सदरा काढला अन् गाडीखाली घुसला.