अक्कांची खिडकी

मंगळवार पेठेतल्या माझ्या घरी बसून मी शहरातल्या एका धर्मादाय दवाखान्याची संगणकप्रणाली सांभाळते. केसपेपर काढायची प्रणाली तर मी एकटीनेच लिहिली. पाच खिडक्या, पाच संगणक आणि मागे एकच डेटाबेस. पहिले काही महिने बरं चाललं. मग बाह्यरुग्ण विभागातली गर्दी वाढली आणि रोज साडेदहा-अकराच्या सुमाराला व्यवस्थापकांचा फोन यायला लागला.

“मॅडम, पाचही खिडक्या बंद. नुसतं गोल फिरतंय. माणसं ओरडाय लागल्यात.”

मी घरून बघायला लागेपर्यंत बहुतेक वेळा सगळं आपोआप सुरू झालेलं असायचं. डेटाबेस दमला असेल म्हणून मी मेमरी वाढवली, माहिती लवकर सापडावी म्हणून काही इंडेक्स नवे केले. काही फरक पडला नाही. शेवटी एका सकाळी दहा वाजल्यापासूनच मी पडद्यासमोर ठाण मांडलं. कोण कुणासाठी थांबलंय याची यादी डेटाबेसकडून मागता येते, ती दर काही सेकंदांनी मागवत राहिले.

हे थांबणं मुळात वाईट नसतं. एखादी नोंद एकजण बदलत असला की त्याचं काम संपेपर्यंत डेटाबेस ती नोंद अडवून धरतो, दुसऱ्याला बदलू देत नाही. त्यालाच लॉक म्हणायचं. तो नसता तर दोन पेशंटना एकच नंबर मिळाला असता. पण त्या दिवशी यादीत चार खिडक्या एका खिडकीसाठी खोळंबलेल्या दिसल्या, आणि ती एक खिडकी काहीच करत नव्हती. लॉक हातात धरून स्वस्थ बसली होती. नंबर तीनची खिडकी.

“तिथं कोण असतं?” मी फोनवर विचारलं.

“अक्का,” व्यवस्थापक म्हणाले. “मला वाटलंच हुतं. लई हळू हायत ओ. बोलत बसतात. त्यांना मागं रेकॉर्ड रूममध्ये टाकतो आता.”

अक्कांना मी एकदाच भेटले होते. सीमेपलीकडच्या कानडी गावातून लग्न होऊन इकडे आलेल्या, म्हणून सगळा दवाखाना त्यांना अक्का म्हणायचा. निवृत्तीला दोनेक वर्षं राहिली असतील.

“टाकू नका, मी करते काहीतरी,” मी म्हटलं, आणि सोपा उपाय केला. ज्या खिडकीवर मिनिटभर काही हालचाल होणार नाही, तिचं अर्धवट काम डेटाबेसने रद्द करायचं आणि लॉक सोडायचा. दुसऱ्या दिवसापासून रांगा सरकायला लागल्या. व्यवस्थापकांनी आभार मानले. मीही खूश होते.

आठवड्याने नव्या प्रिंटरच्या कामासाठी दवाखान्यात गेले. प्रिंटर तीन नंबरच्या खिडकीमागेच होता, म्हणून अक्कांच्या पाठीशी स्टूल घेऊन बसले. खिडकीत गगनबावड्याकडून आलेले एक आजोबा होते. पाय सुजलेला, कानाने कमी ऐकू येत होतं.

“वय किती?” अक्कांनी मोठ्याने विचारलं.

“असंल की साठ-सत्तर.”

“थोरलं लेकरू केवढं हाय?”

“थोरल्या लेकीची लेक औंदा कॉलेजात गेली.”

अक्का बोटांवर मोजायला लागल्या. लेकीचं लग्न कधी झालं, आजोबांचं स्वतःचं कधी, तेव्हा मिसरूड फुटली होती का. आजोबा हसले. “चौऱ्याहत्तर लिवू?” अक्कांनी विचारलं. “लिवा.” मग अक्कांनी सकाळपासून काय खाल्लंय ते विचारलं. काहीच नाही म्हटल्यावर आधी चहा-बिस्कीट घ्या, मग सुई टोचून घ्या, असं बजावलं. आणि पडद्याकडे वळल्या तर फॉर्म कोरा.

त्यांचा चेहरा उतरला. “आजोबा, माझंच कायतरी चुकलं. नाव परत सांगा.”

आजोबांनी सगळं परत सांगितलं. मी मागे बसून ऐकत होते. मिनिटभर हालचाल नाही म्हणून माझ्याच नियमाने तो फॉर्म पुसला होता.

गर्दी ओसरल्यावर अक्का माझ्याकडे वळल्या. “बाई, आठ दिवस झालं असंच व्हतंय. माझं बोट कुठंतरी भलतीकडं लागतंय. असं झालं की दुसऱ्या खेपेला आधी कागदावर लिवून घेतो, मग मशीनमधी घालतो.” त्यांनी पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा दाखवला. “घरात सुनेच्या लॅपटॉपवर टायपिंग बी चालू केलंय. सुधरंल की हळूहळू?”

मी बाहेर बाकावर जाऊन बसले आणि मीच लिहिलेला प्रोग्राम पहिल्यापासून वाचून काढला. चूक शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत. नवा फॉर्म उघडला की माझा प्रोग्राम त्याच क्षणी आजचा पुढचा नंबर घेत होता, आणि ‘जतन करा’ दाबेपर्यंत ती नंबरची नोंद अडवून ठेवत होता. पाचही खिडक्या नंबर त्याच एका नोंदीतून घेणार. एकीकडे आजोबांचं वय मोजणं चालू असेल, तर बाकी चौघी थांबणारच. चाचणीच्या वेळी मी घरी फॉर्म दहा सेकंदांत भरत होते. माझ्या मनातल्या पेशंटना आपलं वय पाठ होतं.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. फॉर्म भरताना डेटाबेसला हातच लावायचा नाही. ‘जतन करा’ दाबल्यावर नंबर घ्यायचा, नोंद लिहायची आणि लगेच लॉक सोडायचा. रविवारी दवाखाना बंद असताना मी ती बसवली आणि तो एका मिनिटाचा नियमही काढून टाकला. सोमवारी सकाळी तिथेच जाऊन ती यादी उघडून बसले. अकरा वाजता आवारात पाय ठेवायला जागा नव्हती, पण यादी रिकामी होती. एकदा एक खिडकी दुसरीसाठी थांबलेली दिसली, पण मी नीट वाचेपर्यंत ती ओळही गेली.

व्यवस्थापकांना मी स्पष्ट सांगितलं, “अक्कांमुळे काही अडत नव्हतं. चूक माझ्या प्रोग्राममध्ये होती.”

“मी त्यांना चार माणसांत बोललोय ओ,” ते म्हणाले. मग उठले आणि माझ्या आधीच तीन नंबरच्या खिडकीकडे गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. अक्कांनी पदराने चष्मा पुसला, एवढं दिसलं.

मी जवळ गेले तेव्हा त्यांनी विचारलं, “म्हंजे माझ्या बोटाचं न्हवतं व्हय?”

“नव्हतं, अक्का. माझं चुकलं होतं. तुम्हाला उगाच त्रास झाला.”

“मग आता वेळ लागला तर बाकीच्या पोरी थांबणार न्हाईत?”

“नाही थांबणार. तुम्ही हवा तेवढा वेळ घ्या.”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, खरं बोलतेय की समजूत घालतेय ते जोखत असाव्यात. मग पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा उचलून खालच्या कप्प्यात टाकला. खिडकीत बिद्रीकडची एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन उभी होती, बाळ रडून लाल झालेलं. अक्कांनी कीबोर्ड बाजूला सारला आणि दोन्ही हात खिडकीतून बाहेर काढले.

“दे त्याला हिकडं,” त्या म्हणाल्या, “आन तू आधी पाणी पी.”