खारोड्यांची कागदी पुडी

बाप गेल्यावर आई लोकांच्या वावरात मजुरीला जायची. उन्हाळ्यात वावरं रिकामी, मग ती दुसऱ्यांच्या घरी खारोड्या घालून द्यायची. भरडलेली बाजरी तीळ-लसूण-मिरचीत शिजवायची, छोटे गोळे तोडायचे, कडक वाळवायचे. घरी आणलेल्या चुऱ्यात कांदा घालून आम्ही कितीतरी वेळा जेवण भागवलं. त्यातून मी पदवी घेतली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, हे मी ताठ मानेनं सांगते.

बुलढाण्यात मला नोकरी लागली, तोवर आईच्या बचत गटाच्या खारोड्या बीबी गावच्या बाजारात प्लास्टिकच्या पारदर्शक, छापील पाकिटांत विकल्या जाऊ लागल्या होत्या. दिवाळीला गावी गेले तर घरामागचा नाला तुंबलेला. काठीनं ओढलं, आमच्याच गटाची पाकिटं निघाली. मी आईला म्हटलं, हे बदलू. घरी नेल्या की खारोड्या लोक डब्यातच ओततात. बाजारापासून घरापर्यंत तर कागदही पुरेल.

आई म्हणाली, "तू शिकली म्हून आता आमाले पुडी बांधनं शिकोतं?"

गटातल्या बाया हसल्या. एकीनं मला साहेबीण म्हटलं. तेव्हापासून मी ओसरीवर गेले की बोलणं थांबायचं. त्या सगळ्या खाली बसलेल्या, आणि मला खुर्ची.

बुलढाण्याच्या खोलीत मी ऑफिसातून येऊन जाड कागदाच्या घड्या घालत बसायची. खळ लावायची, दोरा बांधायचा, सोडायचा, परत बांधायचा. दाखवायला कोणी नव्हतं. घरमालकीणबाईंनी एकदा विचारलं, राख्या करता का?

शेवटी गटानं एका बाजारापुरतं हो म्हटलं. मी पुड्या मांडून बसले. लोक उचलायचे, ठेवून द्यायचे. एका म्हातारीनं सरळ विचारलं, "झाकलेल्यात चुरा भरला असन तं?"

तिचं खरं होतं. पाकिटात माल दिसायचा, पुडीत दिसत नव्हता. सगळ्या पुड्या परत आणल्या. कोणी मला रागावलं नाही, तेच जास्त लागलं.

परतीच्या बसमध्ये वानोळ्याची आठवण झाली. आमच्याकडे घरात नवं काही पिकलं-शिजलं की आधी शेजारी थोडं चाखायला, म्हणजे वानोळा, जातो. चव आवडली तर माणूस नंतर मागायला येतो. मग पुडीलाही वानोळा का नको? पुढच्या बाजाराला प्रत्येक पुडीच्या दोऱ्याखाली पळसाच्या पानाची घडी खोचली, तिच्यात दोन खारोड्या. घ्यायच्या आधी चाखायच्या.

तीच म्हातारी आली. घडी उघडली, बराच वेळ चावत राहिली. "लसून बरा हाये," म्हणाली, आणि दोन पुड्या घेतल्या.

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "पानं मी आनीन."

नंतर गटानं प्लास्टिकची पाकिटं मागवणं बंद केलं. पुड्या आता बायाच बांधतात, मी बुलढाण्यातच असते. बीबीच्या बाजारात आमच्या खारोड्या फक्त कागदात विकल्या जातात.